रंगाचा डबा उघडण्याआधी: निवृत्त लढाऊ विमान शोधायचं आणि टिकवायचं कसं

दर वर्षी २६ जानेवारीच्या आठवडाभर आधी गावोगावच्या चौकांत, शाळांच्या मैदानांत आणि उद्यानांत उभ्या असलेल्या जुन्या लष्करी विमानांवर ऑइलपेंटचा नवा हात बसतो. त्या हाताखाली दोन गोष्टी गाडल्या जातात. एक विमानाचा नंबर आणि दुसरी पोटातलं पाणी बाहेर जाण्याची भोकं. नंबर गेला की विमान हरवतं, भोकं बुजली की ते कुजतं. पुढचं सगळं या दोन गोष्टी वाचवण्यासाठी आहे.

नाशिककरांना यात रस असायला कारण आहे. जवळच्या ओझरला एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ या लढाऊ विमानासाठीच उभा राहिला. तिथं मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस हे प्रकार तयार झाले, पुढे मिग-२७ आणि सुखोई-३०. हवाई दलाचा विमानदुरुस्तीचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरलाच. देशात कुठंही मिग-२१ उभं दिसलं, तर त्याचा पत्रा ओझरच्या हातांखालून गेलेला असण्याची शक्यता दांडगी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, म्हणजे आता अशी विमानं मागणारे अर्जही वाढणार.

शोध कुठून सुरू करायचा

आधी उपग्रहचित्र. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात, आणि मिग-२१ चे त्रिकोणी पंख त्यात ओळखू येतात. पंखांची रुंदी सव्वासात मीटरच्या आत असते. मोजपट्टीनं मोजलं की झाडाची सावली आणि विमान यांतला फरक कळतो. इतर जुन्या लढाऊ विमानांपैकी हंटर मोठं, सव्वादहा मीटर. नॅट अगदी छोटं, पावणेसात मीटर, त्यामुळं झाडाखालचं नॅट चित्रात सापडतच नाही. त्याच जागेची पाच-सहा वर्षांची चित्रं लावून बघा. विमान कधी आलं, कधी हललं, याची ढोबळ तारीख घरबसल्या मिळते.

हे फक्त सार्वजनिक जागांपुरतं. ओझरची धावपट्टी, गांधीनगरचा लष्करी तळ, देवळालीचा परिसर इथं कुंपणाबाहेरून कॅमेरा रोखायचा नाही आणि ड्रोन तर आणायचाच नाही. छावणीच्या आतल्या विमानाचा फोटो हवा असेल तर लेखी परवानगी मागा, आणि फोटोच्या चौकटीत फक्त विमान येईल असं उभे राहा.

त्यानंतर कागद. विमान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. हवाई मुख्यालयाला विचारलं तर सुरक्षेचं कलम पुढं होऊ शकतं. महापालिका किंवा नगरपरिषदेकडे मात्र ताबा-पावती, वाहतुकीचं बिल आणि चौथऱ्याच्या कामाचं अंदाजपत्रक असतं, आणि विमानाचा नंबर बहुधा त्यातच असतो. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राच्या कार्यालयांसाठी ऑनलाइन अर्ज चालतो, तिथं मर्यादा ५०० शब्दांची. ‘विमानाबद्दल सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर हमखास मोघम येतं. ‘अमुक उद्यानातील विमानाच्या ताबा-पावतीची व वाहतूक बिलाची प्रत द्यावी’ एवढंच लिहा.

जुनी वर्तमानपत्रं विसरू नका. विमान बसवल्याचा कार्यक्रम म्हणजे फीत कापणं, आणि फीत कापणं म्हणजे फोटो. सार्वजनिक वाचनालयात स्थानिक दैनिकांचे जुने अंक मिळाले तर त्या फोटोत शेपटीवरचा मूळ नंबर दिसू शकतो, कारण पहिला ऑइलपेंट त्यानंतर बसतो. ओझर, निफाड, दिंडोरी भागातले निवृत्त कामगार हा आणखी एक खजिना. त्यांना गोपनीय काही विचारायचं नाही. फक्त विमानाचा फोटो दाखवून ‘काका, याच्या नंबरची धातूची पाटी कुठं असते?’ एवढं विचारा. टाइप ७७ म्हटलं की एफएल आणि टाइप ७५ म्हटलं की बिस, ही त्यांची भाषा. आपणही तीच वापरली की बोलणं लवकर रुळतं.

नंबर वाचायचा कसा

हवाई दलाच्या विमानाचा नंबर म्हणजे एक-दोन अक्षरं आणि पुढे आकडे. मिग-२१ ला सी, हंटरला बीए, नॅटला आयई किंवा ई, नॅटवरूनच बनलेल्या अजितला ई, कॅनबेराला आयएफ, जग्वारला जेएस, मिराजला केएफ. नौदलाच्या विमानांवर आयएन आणि तीन आकडे. अक्षर आणि विमान जुळत नसेल, म्हणजे समजा नॅटवर सी लिहिलेलं दिसलं, तर तो नंबर पेंटरच्या मनातला आहे.

हा नंबर काय करू शकतो याचं उदाहरण लिबरेटर बाँबरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला सोडून दिलेली ही विमानं एचएएलनं दुरुस्त करून हवाई दलाला दिली आणि ती १९६८ पर्यंत उडाली. त्यांतलं एचई ८०७ आज ब्रिटनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे आणि एचई ८७७ अमेरिकेतल्या पिमा संग्रहालयात. रंग बदलले, देश बदलले, तरी माग लागतो तो नंबरमुळं.

रंगवलेल्या नंबरवर मात्र कधीच विश्वास ठेवायचा नाही. स्मारकावरच्या विमानांना युद्धातल्या एखाद्या गाजलेल्या विमानाचा नंबर देण्याची हौस सगळीकडे आहे. खरी ओळख धातूच्या पाटीवर असते. नाकाच्या चाकाचा खड्डा, कॉकपिटच्या बाजूच्या भिंती, इंजिन असेल तर इंजिनवरची पाटी, आणि उघडणाऱ्या पॅनेलांची आतली बाजू, इथं बघा. पॅनेलांवर नंबर ठोकलेला किंवा पेन्सिलनं लिहिलेला असतो. पण पॅनेल एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावायची पद्धत सेवेतही होती. म्हणून एका पॅनेलवरून निर्णय नको. किमान दहा-बारा जागांचे आकडे वहीत उतरवा आणि बहुमत कुठं जातंय ते बघा. मिग-२१ ची शेपूट तर अख्खी वेगळी निघते, त्यामुळं पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या विमानांचे असू शकतात. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा.

पाट्या चोरीला गेल्या असतील तर रंगाच्या खालचा नंबर काढता येतो. रात्री जा. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. जुन्या अक्षरांच्या कडा वरच्या चार थरांतूनही उठून दिसतात. शेपटीजवळ आणि पंखांच्या खालच्या बाजूला आधी बघा, कारण तिथं अक्षरं मोठी असतात आणि पंखाखाली रंगाचे थर कमी असतात. अक्षर दिसलं पण वाचता येत नसेल, तर पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटरची खिडकी करा. ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर, मग ६००, मग ८००, थर दिसू लागला की थांबायचं. घाई केली की नंबरसकट खालचा प्रायमर निघतो, आणि तो पिवळट-हिरवा प्रायमर झिंक क्रोमेटचा असतो. त्याची धूळ कर्करोगाला आमंत्रण देते. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर नकोच. चांगला मास्क आणि हातमोजे घाला, ओला गाळ फडक्यानं टिपून पिशवीत बंद करा, गटारात सोडू नका.

प्रकार ओळखायला नाकावरची लांब नळी उपयोगी पडते. एफएलमध्ये ती नाकाच्या वर बरोबर मध्यावर असते, एम आणि बिसमध्ये उजवीकडे सरकलेली. एम की बिस हे कण्याच्या, म्हणजे कॉकपिटमागच्या पाठीवरच्या उंचवट्याच्या, जाडीवरून सांगणारे बरेच भेटतील. तिथं डोळा फसतो, पाटीच बघावी. नॅट आणि अजित यांच्यातही अशीच गल्लत होते, आणि चौथऱ्यावरच्या फलकावर दोन्ही नावं आलटून-पालटून लागतात.

विमान ताब्यात घेताना

अर्ज संस्थेच्या नावानं जातो: राज्य शासन, महापालिका, शिक्षणसंस्था, स्मारक समिती. अर्जात जागेचा नकाशा, कुंपण, चौथऱ्याचं डिझाइन आणि देखभालीचा वार्षिक खर्च कोण करणार हे लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत नसतो, आणि पाच वर्षांनी विमानाची जी दशा होते तिचं मूळ तिथंच असतं. वाहतूक आणि उभारणी आपल्या खिशातून, हेही आधीच धरून चाला. आणि मिळालेलं विमान विकायची मुभा आपल्याला आहे असं समजू नका. भंगारातून एखादा भाग घेताना लिलावाची कागदपत्रं मागा. ती नसतील तर भाग कितीही देखणा असो, सोडून द्या.

कॉकपिटमध्ये पाय ठेवण्याआधी एक कागद हातात हवा: स्फोटकं काढल्याचं प्रमाणपत्र. इजेक्शन सीटखालची (वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखालची) काडतुसं, कॉकपिटचं छत उडवण्याची काडतुसं, इंधनाच्या बाहेरच्या टाक्या सोडणारी काडतुसं आणि अग्निशामक बाटलीवरचं छोटं काडतूस, या चारही गोष्टींचा त्यात वेगळा उल्लेख हवा. शेवटचं हमखास राहून जातं. तसंच दाबाखालच्या हवेच्या बाटल्या आणि चाकांच्या पायांतला नायट्रोजन सोडलेला आहे का, हे विचारा. पाना लावून ‘बघू या काय आहे’ म्हणणाऱ्याला आधी बाहेर काढा.

दुसरा धोका घड्याळांचा. जुन्या विमानांच्या डायलवरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग असे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही. काच शाबूत असेल तर डायल उघडू नका. काच फुटलेली असेल तर हात न लावता जाड पिशवीत बंद करा, आणि शाळेत तर ते ठेवूच नका. बॅटरी निघालेली आहे ना, हेही बघा. मिग-२१ च्या सिल्व्हर-झिंक बॅटरीत क्षार असतो आणि तो गळला की ॲल्युमिनियम अक्षरशः खातो.

रस्त्यावरून आणताना

मिग-२१ ची शेपूट २८ नंबरच्या फ्रेमवर, म्हणजे धडाच्या सांगाड्यातल्या आडव्या कड्यावर सुटते, कारण इंजिन बाहेर काढायची वाटच ती आहे. पंख मुळापासून सुटतात. हे बोल्ट गॅस कटरनं कापणारे ठेकेदार असतात. एकदा कापलं की पुढचा जन्म वेल्डिंगच्या पट्ट्यांवर. त्याऐवजी आठवडाभर आधीपासून रोज गंजात मुरणारं भेदक तेल सोडा, मग बोल्ट सुटतात. प्रत्येक बोल्ट कुठला, हे लिहिलेल्या पिशवीत ठेवा.

इंजिनासकट विमान पाच ते सहा टन भरतं, त्यात इंजिन सव्वा टनाच्या आसपास. गोम अशी की मिळणाऱ्या विमानातून रडार आणि सीट काढलेली असू शकते आणि इंजिन आतच असू शकतं. मग तोल मागं सरकतो. पुस्तकातल्या चित्राप्रमाणं क्रेनचा पट्टा लावला तर शेपूट आपटते. जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर उचला, थांबा, बघा, पट्टा सरकवा, मग उचला. रुंद कापडी पट्टेच हवेत, साखळी नको, आणि पट्टा फक्त मजबूत फ्रेमखाली.

२.६ मीटरपेक्षा रुंद काहीही असलं की ते ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल, त्याला वेगळी परवानगी लागते. पंख स्वतंत्र ट्रेलरवर उभे बांधले तर बरंचसं काम विनापरवानगीच्या मापात बसतं. उत्तरेकडून येणारं विमान धुळे-मालेगाव मार्गे येतं, चांदवडजवळचा राहूड घाट तेवढा लागतो. मुंबईकडून यायचं तर कसारा घाट. महामार्ग सोडल्यावर शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये खरी अडचण असते: महावितरणच्या तारा, कमानी, स्वागताचे फलक. ते अंतर आधी बांबूला माप लावून पायी चाला.

पाण्याला वाट

विमानाच्या पोटाला भोकं असतात, पण ती विमान चाकांवर सपाट उभं असेल तेव्हा सगळ्यात खाली येतात. चौथऱ्यावर नाक वर करून, उड्डाण घेतल्यासारखं बसवलं की उतार बदलतो. पाणी मग प्रत्येक कप्प्याच्या मागच्या कोपऱ्यात साठतं आणि तिथं भोक नसतं. म्हणून विमान बसल्यावर, रंगाच्या आधी, प्रत्येक कप्प्यात बादलीभर पाणी ओता. पंधरा मिनिटांत जिथून पाणी बाहेर आलं नाही, तिथं सगळ्यात खालच्या बिंदूला ८ मिलिमीटरचं भोक पाडा. फ्रेम किंवा स्पार (पंखातली मुख्य तुळई) टाळून, फक्त पातळ पत्र्यात. भोकाच्या कडेला प्रायमर लावा.

इंजिनाच्या तोंडाला आणि मागच्या नळीला जाळी हवी, पण पत्रा लावून बंद करू नका. आतली दमट हवा बाहेर जायला वाट हवी. १२ मिलिमीटरची प्लॅस्टिक चढवलेली जाळी घ्या. उघडं स्टेनलेस स्टील थेट ॲल्युमिनियमला लागलं की दमट हवेत त्या जोडाशी ॲल्युमिनियम झिजतं, मध्ये रबराची किंवा नायलॉनची पट्टी ठेवा. नाकावरच्या नळीत गांधीलमाश्या घर करतात, तिला छोटं टोपण पुरे. मैना आणि कबुतरं मात्र जाळीशिवाय ऐकत नाहीत, आणि त्यांची विष्ठा एका पावसाळ्यात रंग उठवते.

फटी बुजवायला बाजारातलं कुठलंही सिलिकॉन चालत नाही. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ॲल्युमिनियमला खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं घ्या. आणि फक्त वरच्या बाजूच्या फटी बुजवा, पोटाकडच्या सोडा.

आतून संरक्षणासाठी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मिळणारं मेणाचं अँटी-रस्ट स्प्रे लांब नळीनं पॅनेलांतून मारा. जळकं ऑइल मारायचा सल्ला बरेच देतात. त्यावर धूळ बसते, रबर फुगतं, आणि पुढं रंग कधीच धरत नाही.

चाकांवर उभं करायचं तर टायरवर वजन ठेवू नका. जॅक लावायच्या खुणांखाली लोखंडी घोड्या बसवा, टायर जमिनीला नुसता टेकलेला दिसू दे. मिगच्या चाकांत मॅग्नेशियमचे भाग असतात, ते सगळ्यात आधी करड्या-पांढऱ्या भुकटीत जातात. चौथऱ्याला चुना फासताना तो विमानावर उडू देऊ नका, चुना ॲल्युमिनियमला खातो. हलणारे भाग, म्हणजे सुकाणू आणि पंखांच्या मागच्या पट्ट्या, नायलॉनच्या ठोकळ्यांनी पक्के करा. वाऱ्यानं रात्रंदिवस हलून त्यांच्या बिजागऱ्या झिजतात.

नाशिकची हवा आणि द्राक्षं

एक गोष्ट इथलीच. ओझर, पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. फवाऱ्याचा तुषार वाऱ्यानं दूर जातो. त्यातलं तांबं ॲल्युमिनियमवर बसलं की त्या ठिपक्याखाली खोल खड्डा पडतो, भिंतीला लोणा लागतो तशी पांढरी भुकटी वर येते. बागेजवळच्या विमानाला ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी नुसत्या पाण्यानं धुणं हाच उपाय. इतरत्र वर्षातून तीनदा पुरे.

धुताना दहा लिटर पाण्यात शंभर मिली सौम्य भांडी-साबण. धुण्याचा सोडा आणि संडास साफ करायचं ॲसिड दोन्ही वर्ज्य. प्रेशर वॉशर नको, तो पाणी पॅनेलांच्या आत ढकलतो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा.

निफाडकडच्या हिवाळ्यात पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यांत एवढा फरक असतो की बंद कॉकपिटच्या आत दव साचतं. छतावर टाकायचं कापड पांढरं, छताला न चिकटणारं आणि बाजूनं मोकळं ठेवा. छताची काच खरं तर ॲक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचा काचक्लीनर लागला की तिला बारीक तडे जातात आणि ते परत जात नाहीत.

आणि मग रंग

ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये. हवेत ८० टक्क्यांहून जास्त दमटपणा असेल तर डबा उघडू नका. पांढरी भुकटी नायलॉनच्या घासणीनं काढा. लोखंडी तारेचा ब्रश वापरला तर त्याचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तांबूस ठिपके येतात. पत्रा फुगून पापुद्रे सुटत असतील तर तो भाग कापून नवा तुकडा रिव्हेट करावा लागतो. वरून पुट्टी भरणं म्हणजे कुजक्या दातावर टोपी.

उघड्या धातूवर दोन भागांचा वॉश प्रायमर, पातळ, धातू थोडा दिसेल इतका. त्यावर इपॉक्सी प्रायमर, मग दोन हात पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा फुप्फुसांना कायमची इजा करतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर स्प्रे गन विसरा, रोलरनं मारा. ऑइलपेंट थेट ॲल्युमिनियमवर मारला की दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात.

हवाई दलाचं वर्तुळ बाहेरून केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. उलटं रंगवलेलं सर्रास दिसतं. अक्षरांचा जुना आकार घासण्याआधी ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवा, माप आणि अंतरासकट. सगळं झाल्यावर भोकांत काडी घालून बघा, रंगानं किती बुजली आहेत ते. मग पुन्हा एकदा तीच बादली.